पाणी स्वच्छ, मासे कुठे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा तीत ३११ पट्टे होते आणि त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात निघाले नाहीत. बातमी दोन-चार दिवस गाजली आणि मागे पडली. यादी कशी ठरते, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत फारसा आला नाही. तिचा आधार एकच मोजमाप आहे, बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन खाऊन टाकतात, हे २७ अंश तापमानाला तीन दिवस बाटली ठेवून मोजतात. लिटरमागे हा आकडा ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की तो पट्टा यादीत जातो.

सांडपाणी शोधायला ही चाचणी उत्तम आहे. शहराच्या वरच्या अंगाला एक बाटली भरली आणि खालच्या अंगाला दुसरी, की नाल्यांतून किती घाण आली ते लगेच कळते. पण तीच बाटली घेऊन घाटाच्या दिशेने वर जाऊ लागले की ती बोलेनाशी होते. मुळशीच्या वर, वाईच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, आंबोलीच्या ओढ्यांत पाणी चाचणीला उतरते, यादीत नाव नसते, आणि तरीही काठावरचा माणूस सांगतो की पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत. सह्याद्रीतल्या नद्यांविषयी गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला आहे, तो एकत्र वाचला की या म्हणण्याला आधार मिळतो. वरच्या अंगाला माशांचे घर मोडते आहे ते पाण्याच्या घाणीमुळे कमी आणि प्रवाह, तळ व हंगाम यांची मोडतोड झाल्यामुळे जास्त. खालच्या अंगाला घाण हेच मुख्य कारण आहे. आपली मोजणी, आपले कायदे आणि आपला पैसा जवळपास सगळा खालच्या अंगावर खर्च होतो.

आधी ही नदी कोणत्या जातीची आहे ते पाहिले पाहिजे. हिमालयातल्या नदीला उन्हाळ्यातही बर्फाचा आधार असतो. सह्याद्रीतल्या नदीला तो नाही. तिचे सगळे भांडवल चार महिन्यांत येते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. जुलैत जी कृष्णा किंवा मुळा दगडगोटे लोटत नेते, ती दिवाळीनंतर उतरू लागते, शिमग्यापर्यंत तिचे खडक उघडे पडतात आणि वैशाखात तिचे सलग पात्रच उरत नाही. उरतात ते डोह. कोकणच्या बाजूला त्यांनाच कोंड म्हणतात. वर्षातले दोन-तीन महिने अख्ख्या नदीतले मासे या मोजक्या डोहांत गोळा होऊन दिवस काढतात. मृगाचा पहिला लोंढा आला की तेच मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, ओढ्यांत, चरांत, थेट भाताच्या खाचरांत शिरतात, अंडी घालतात. कोकणात आणि मावळात ज्यांनी चढणीचे मासे खाल्ले आहेत, वलगणीच्या रात्री बत्ती घेऊन जे बांधावर गेले आहेत, त्यांना हे वेळापत्रक कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक असते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ओढ्यात नेमकी त्याच दिवसांत ती भरात येते, हा आपल्याकडचा एक विचित्र विरोधाभास आहे. पूर्वी नदी अखंड होती आणि धरणारे थोडे होते, तेव्हा तो खपून जात असे.

या नदीतल्या माशांची शरीरेही तिच्या स्वभावाप्रमाणे घडलेली आहेत. मळ्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिने तो दगडाला चिकटतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. लोनाह नावाच्या छोट्या शिंगटीवर्गीय माशाच्या छातीवर चामडीच्या घड्या असतात, त्याही धरून राहण्यासाठीच. मुऱ्या दोन गोट्यांच्या फटीत राहतो. हे मासे बोटाएवढे, बाजारात भाव नसलेले, आदिवासी पाड्यांवर सुकवून खाल्ले जाणारे. म्हणून त्यांच्याकडे शासकीय मत्स्यव्यवसायाचे लक्ष कधी गेले नाही. शास्त्रज्ञांचे मात्र गेले. नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिले आणि खंडाळ्याच्या ओढ्यातला एक मिशाळ चिमुकला मासा शास्त्राला नवा म्हणून नोंदवला. पुढे सुंदरलाल होरा यांनी वेगवान प्रवाहात राहणाऱ्या प्राण्यांची शरीररचना हा आयुष्याचा विषय केला. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी देवळालीच्या माशांची यादी केली. तीत दारणेच्या खोऱ्यातला एक मासा नवा होता. इंग्रजीत त्याला देवळालीच्या नावाने ओळखतात आणि आज तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यात माशांच्या सुमारे तीनशे जाती मोजल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. दारणेतला मासा संपला तर त्याचे बियाणे कोणत्याही हॅचरीतून आणता येणार नाही.

अशा माशाला पाण्याकडून काय हवे असते? सर्वांत आधी ऑक्सिजन. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे काठावरची जांभळे, करंज, उंबर तोडून ओढा उन्हात उघडा पाडला की एक थेंब सांडपाणी न मिसळताही त्याची धारणशक्ती उतरते. मासाही गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन मागतो, कारण त्याच्या शरीराचा वेग वाढतो. म्हणजे पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. वाहत्या पाण्यात ही तूट खळाळ भरून काढतो. डोहात तीही सोय नसते.

केंद्रीय मंडळाच्या नियमाच्या पुस्तकात ‘ड’ वर्गाचे पाणी मत्स्यजीवनासाठी योग्य मानले जाते. त्याच्या अटी तीन आहेत: ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. बस्स. गाळ किती, प्रवाह किती, तापमान किती, तळाशी गोटे आहेत की चिखल, याचा उल्लेख नाही. ४ मिलिग्रॅम ही मरळ किंवा मांगूर यांच्यासारख्या हवेतून श्वास घेऊ शकणाऱ्या माशांना चैनीची पातळी आहे. मळ्या आणि महाशीर यांना ती जेमतेम तग धरण्याची आहे. शिवाय नमुना कधी घेतला यावर बरेच अवलंबून असते. पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी असेल तर दिवसा प्रकाशात शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि अकरा-बारा वाजता भरलेली बाटली झकास आकडा देते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खाते. पहाटे पाच वाजता आकडा तळाला गेलेला असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. कार्यालयीन वेळेत नदी मोजणाऱ्या यंत्रणेला ही पहाट सहसा दिसत नाही.

आता नोंदी. या बाबतीत पुणे आणि सातारा परिसर भाग्यवान आहे, कारण इथे जुने मोजमाप सापडते. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचे आपले काम मांडले. त्यांनी अनेक जातींना मच्छीमारांच्या तोंडचीच नावे दिली: खुडरी, कोळस, पोटील, मळ्या, शिंगटी. लॅटिनच्या वेशात ती आजही जगभर वापरात आहेत. खुडरी म्हणजे आपला निळ्या परांचा महाशीर. तो त्यांनी पुण्याजवळच्या मुळामुठेतल्या नमुन्यावरून वर्णिला. नंतर फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याचे मासे नोंदवले, सायलस यांनी १९५३ मध्ये महाबळेश्वर आणि वाईचे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेमंत घाटे, संजय खरात, नीलेश डहाणूकर, रूपेश राऊत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पात्रे पुन्हा पिंजून काढली: मुळा-मुठा, इंद्रायणी, कोयना, वाईजवळची कृष्णा. निष्कर्ष सगळीकडे एकाच दिशेचा आहे. जुन्या यादीतल्या कित्येक जाती सापडल्या नाहीत किंवा एखाद-दुसऱ्या ठिकाणी उरल्या, आणि जुन्या यादीत नसलेल्या परक्या जाती आल्या. यादीची लांबी पाहून फसायला होते. एकूण आकडा फारसा घटलेला दिसत नाही, कारण गेलेल्यांच्या जागी पाहुणे बसले आहेत. ज्या पाण्यावरून महाशीराचे शास्त्रीय वर्णन झाले ते पुण्यातले मुळामुठेचे पात्र आज प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत ठळकपणे आहे, हे वेगळे सांगायला नको. पण इंद्रायणी आणि कोयना यांच्या वरच्या भागांत याच अभ्यासकांना अजूनही चांगली विविधता मिळाली, हेही तितकेच महत्त्वाचे. सगळे संपलेले नाही.

वरच्या अंगाच्या ऱ्हासात धरणांचा वाटा सर्वांत मोठा आहे, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात मोठी धरणे दोन हजारांहून जास्त आहेत, देशात सर्वाधिक, आणि पश्चिमेकडची बहुतेक अगदी उगमाजवळ, घाटमाथ्याच्या पायथ्याशी आहेत. चढणीच्या माशाला भिंत म्हणजे भिंतच. खडकवासला १८७९ सालचे. तेव्हापासून आजपर्यंत बांधलेल्या बहुतेक धरणांना मासा वर जाण्याचा मार्ग ठेवलेला नाही. धरणाच्या पाठीमागे जे साठते ते तलाव असते. खळाळ बुडतात, गोटे गाळाखाली जातात, आणि प्रवाहातले मासे जाऊन तळ्यातले येतात. खालच्या बाजूला दुसरीच कथा. खोल जलाशयाच्या तळचे पाणी थंड आणि ऑक्सिजनला पारखे असते. विसर्ग तळातून झाला की काही अंतर तेच पाणी वाहते.

कोकणच्या बाजूला याहून मोठी उलथापालथ झाली आहे. टाटांच्या वीजप्रकल्पांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच भीमेच्या खोऱ्यातले पाणी घाटाखाली वळवले. कोयनेतून दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे नेण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिली आहे. ते बोगद्यांतून पोफळी, कोळकेवाडी करत वाशिष्ठीत उतरते. परिणामी पूर्वेच्या नदीला पाणी कमी आणि पश्चिमेच्या नदीला ते नको त्या महिन्यात. कोलाडला कुंडलिकेत सकाळी राफ्टिंग करणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की पायाखालचा तो फेसाळ प्रवाह भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेला मुळशीचा आहे? वीज बनते तेव्हा पूर, थांबली की ओहोटी. दगडाखालच्या किड्यांना, त्यांवर जगणाऱ्या माशांना रोजची ही भरती-ओहोटी मानवत नाही. काठच्या उथळ पाण्यात घातलेली अंडी दुपारी उघडी पडतात. पाण्याची बाटली भरा, ते निर्मळ निघेल. पुढे रोहा-धाटावच्या औद्योगिक वसाहतीपाशी तीच कुंडलिका प्रदूषितांच्या यादीत जाते आणि तिथून पुढे सगळ्यांचे लक्ष रसायनांवर खिळते.

इथे एक अनपेक्षित गोष्ट सांगितली पाहिजे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा माशांसाठी सिमेंटच्या पक्क्या बंधाऱ्यापेक्षा बराच बरा. त्याचे बर्गे पावसाआधी काढायचे आणि पाऊस संपल्यावर घालायचे असा रिवाज आहे. म्हणजे माशांची चढण चालू असताना दारे उघडी असतात. हे माशांसाठी योजलेले नव्हते, पूर आणि गाळ वाहून जावा म्हणून होते. तरी फायदा झालाच. आता ओढ्याओढ्यावर जे पक्के बंधारे उभे राहिले, जलसंधारणाच्या नावाखाली पात्रे यंत्राने खोल-रुंद केली गेली, त्यांत हा दरवाजा गेला. भूजलासाठी हे काम किती उपयोगी, हा वेगळा वाद आहे. पण खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात पात्रातले दगड ‘अडथळा’ म्हणून मोजले जातात, आणि मुऱ्या व मळ्या यांची वस्ती नेमकी त्या अडथळ्यातच असते.

गाळाबद्दलही लिहायला हवे. महाशीर वाळू-गोट्यांच्या उथळ, वाहत्या पट्ट्यात अंडी घालतो. ती चिकट नसतात, खाली बसून गोट्यांच्या फटींत अडकतात, आणि तीन-चार दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात. तेवढे दिवस फटींतून स्वच्छ पाणी वाहत राहिले पाहिजे. वरच्या डोंगरावर बंगल्यांच्या प्लॉटसाठी उतार कापला, रस्ता रुंद करून माती दरीत लोटली, की पहिल्या पावसात ती माती नेमकी याच दिवसांत या फटींवर बसते. लवासापासून महाबळेश्वरपर्यंत डोंगरकापणीच्या बातम्या आपण वाचतो त्या दरड कोसळण्याच्या भीतीने. अंडी गुदमरण्याची बातमी होत नाही. वाळूउपसा हा या नाण्याचा दुसरा भाग. एकीकडे तळावर चिखल बसतो, दुसरीकडे अंडी धरणारी वाळूच ट्रकमधून जाते. काठावरची शेरणीची झुडपे, जी पुरात वाकतात पण मुळांनी गोटे धरून ठेवतात, तीही उपसा करणाऱ्या यंत्राखाली जातात.

मासे धरण्याच्या पद्धतींविषयी थोडेच. गेळाची फळे किंवा रामेठ्याची पाने ठेचून डोहात टाकून मासे गुंगवणे हे जुने तंत्र आहे. त्याचा परिणाम एका डोहापुरता आणि काही तासांपुरता राहत असे, आणि ते करायला दहा माणसे लागत. त्याची जागा ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटिनच्या कांड्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीने घेतली. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला १८९७ च्या ब्रिटिश कायद्यानेच बंदी घातली होती. उन्हाळ्यात एका डोहात सबंध नदीचे मासे गोळा झालेले असतात हे एकदा लक्षात घेतले की एका बाटलीभर कीटकनाशकाने किती मैलांची नदी रिकामी होते, याचा अंदाज येतो.

परके मासे हा विषय वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आला. उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात आणि भिगवणच्या हॉटेलांचा तो आधार आहे. आफ्रिकन मांगुरावर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, तरी त्याची तळी वेळोवेळी उद्ध्वस्त करावी लागली. डासांसाठी सोडलेले गप्पी शहरांच्या नाल्यांतून नद्यांत पोहोचले. कटला-रोहू हेही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आपल्या जलाशयांत ते मत्स्यबीज म्हणून सोडले गेले. एवढे तरी ओळखीचे आहे. पण खरा धडा आपल्याच माशाने दिला.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने महाशीराचे प्रजनन सुरू केले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हाताने काढून, नराचे वीर्य मिसळून, पिल्ले वाढवण्याची पद्धत बसवली. काम चिकाटीचे आणि निष्ठेचे होते. लाखो पिल्ले तयार झाली, देशभर दिली गेली. निळ्या परांचा महाशीर लाल यादीच्या २०११ च्या मूल्यांकनात संकटग्रस्त होता. २०१८ च्या मूल्यांकनात तो ‘किमान चिंता’ या वर्गात आला. याचा आनंद झालाच पाहिजे, आणि तो साजराही झाला.

त्याच पिल्लांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली होती. कावेरीत स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंच कुबड असलेला, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा, गळाने मासे धरणाऱ्यांच्या जगात दंतकथा झालेला. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी कावेरीवरच्या गळकऱ्यांच्या तळावरल्या १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी तपासल्या. गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत होती, सरासरी वजन घटत होते, आणि कुबडवाल्याच्या जागी निळ्या परांचा भरत चालला होता. ज्यांना वाटत होते की महाशीर वाचला, त्यांच्या डोळ्यांसमोर मूळ महाशीर नाहीसा होत होता. गंमत म्हणजे तोवर त्या कुबडवाल्याला धड शास्त्रीय नावही मिळाले नव्हते. केरळच्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णिलेला एक मासा तोच आहे, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. पिल्ले सोडण्याचे कार्यक्रम छायाचित्रासाठी फार सोयीचे असतात. कोणत्या खोऱ्यात कोणता मासा सोडायचा, हा प्रश्न छायाचित्रात मावत नाही. आणि जिथे प्रजननाची जागाच उरलेली नाही तिथे सोडलेली पिल्ले एका पिढीपुरतीच असतात.

याच्या उलट टोकाला देवाचे डोह आहेत. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वरदायिनीच्या नावाने महाशीर राखले गेले. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथे शंकराच्या देवळापाशी, इंद्रायणीत देहूला तुकोबांच्या सान्निध्यात. कोणी मासा मारत नाही, भाविक चुरमुरे टाकतात, हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. कोणत्याही खात्याशिवाय, कोणत्याही अर्थसंकल्पाशिवाय चाललेले हे संवर्धन आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्यात अर्थ नाही. मात्र डोह राखला म्हणून नदी राखली जात नाही. वाळणकोंडीचा मासा अंडी घालायला वर जातो तेव्हा देवीची हद्द ओलांडतो. देहूच्या डोहात वरून जे येईल ते माशांना प्यावेच लागते, आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरातून इंद्रायणीत काय येते ते आळंदीला कार्तिकीच्या सुमारास पात्रावर तरंगणारा फेस दाखवतो. चुरमुऱ्यांवर पोसलेल्या माशांची गर्दी हे नदीच्या प्रकृतीचे लक्षण नव्हे.

आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमावरच्या महादेव मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये एक छोटा मुऱ्यासारखा मासा शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला. नाव नदीवरूनच पडले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटाएवढ्या, न विकल्या जाणाऱ्या माशासाठी सरकारने जागा राखावी, ही गोष्ट साधी नाही. क्षेत्र लहान आहे खरे. पण अशा माशाचे सगळे जगच कधी कधी तेवढे असते.

आता नदीचे खालचे अंग. इथे नवे सांगण्यासारखे थोडे आहे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा चाळीस-पन्नास हजार. असे पाणी चुकून किंवा मुद्दाम एकदा सुटले तरी मैलोगणती ऑक्सिजन शून्यावर येतो. पंचगंगेत तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या इतक्यांदा आल्या आहेत की त्यांचे वर्ष लक्षात राहत नाही. एक बाब मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. मासे मरतात ते बहुधा दोन वेळांना: उन्हाळ्यात पाणी थांबलेले असताना, आणि जूनच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर. दुसरी वेळ लोकांना कोड्यात टाकते, कारण नवे पाणी आले म्हणजे नदी सुधारली असे वाटते. घडते उलटे. आठ महिने बंधाऱ्यांच्या पाठीशी, नाल्यांच्या तळाशी साचलेला काळा गाळ पहिल्या लोंढ्याने ढवळून निघतो आणि पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत ओरबाडून घेतो. चढणीला निघालेला मासा या लोंढ्याला सामोरा जातो. दोन-तीन दिवसांनी नमुना घ्यायला माणूस पोहोचतो तेव्हा पाणी वाहून गेलेले आणि आकडा निर्दोष.

या सगळ्यावर उपाय म्हणून जे चालू आहे त्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आवश्यकच आहेत. पुण्यात जपानी कर्जाच्या मदतीने अकरा केंद्रांचा प्रकल्प २०१६ च्या सुमारास मंजूर झाला आणि रखडत रखडत पुढे सरकला. त्याच नदीवर ४४ किलोमीटरच्या काठसुधारणेचे काम मात्र वेगाने निघाले. काठाला दगडी-सिमेंटी भिंत घालून फिरायला जागा करणे हा शहरी सोयीचा प्रश्न असेल, पण त्याला नदीसुधार म्हणणे मला पटत नाही. वाळुंज, करंज, शेरणी असलेला उतरता काठ गेला की माशांच्या पिल्लांना पुरात थांबायला आडोसा राहत नाही. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण महाराष्ट्राने २००० मध्ये आणले होते. २००९ मध्ये ते बदलले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द केले. उद्योगांना अडचण होते, हे कारण. त्याची जागा घेणारे काही आले नाही.

मोजणीत सुधारणा करायला नवा शोध लावावा लागत नाही. दगड उलटून त्याखालच्या किड्यांवरून नदीची प्रकृती ठरवण्याची पद्धत केंद्रीय मंडळाने कधीच स्वीकारलेली आहे. खळाळातल्या दगडाखाली चतुर, अश्मपंखी आणि घरटी बांधणाऱ्या अळ्या सापडल्या तर पाणी महिनोन्‌महिने चांगले होते. नुसत्या तांबड्या अळ्या सापडल्या तर नाही. बाटली क्षण सांगते, किडा मोसम सांगतो. महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग हे काम सहज करू शकतात, काही करतातही. गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान प्रवाहाची अधिसूचना काढली: हरिद्वारच्या वरच्या भागात कोरड्या महिन्यांत सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी धरणांनी सोडलेच पाहिजे. टक्के पुरेसे आहेत की नाहीत यावर वाद आहे. पण आकडा आहे. सह्याद्रीतल्या नद्यांसाठी तसा अधिसूचित आकडा नाही.

आपल्याकडे धरणातून कोणते आवर्तन केव्हा सोडायचे हे कालवा सल्लागार समितीत ठरते. पालकमंत्री अध्यक्ष असतात, आमदार, अधिकारी, पाणीवापर संस्थांचे प्रतिनिधी बसतात. पिण्याचे पाणी, शेती आणि उद्योग यांच्या मागण्या मांडल्या जातात, भांडणे होतात, तारखा निघतात. मासेमार सहकारी संस्था राज्यात शेकड्यांनी आहेत. त्यांच्या प्रतिनिधीला या बैठकीत खुर्ची द्यायला, मे महिन्यात डोह जिवंत ठेवण्याइतके आणि मृगात चढणीला वाट करून देण्याइतके पाणी आवर्तनाच्या तक्त्यात मांडायला, नवा कायदा लागणार नाही. पुढची बैठक बहुतेक जिल्ह्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रब्बीच्या तोंडावर होते.